झऱ्यांच्या यादीत जिवाणू आले, त्यांची शिदोरी राहिली

देशातील एखाद्या उष्ण पाण्याच्या झऱ्यात अमुक इतक्या जातींचे जिवाणू आढळले, अशी बातमी अधूनमधून येते आणि तिथेच थांबते. जातींची यादी म्हणजेच झऱ्याची जैवविविधता, हा समज त्यातून दृढ होतो. तो अपुरा आहे. जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची स्वतंत्र, बहुधा वर्तुळाकार अशी लहानमोठी संरचना असू शकते. तिला प्लास्मिड म्हणतात. प्लास्मिडे एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातात, क्वचित हरवतातही. जिवाणूने वाटेत बांधून घेतलेली ही शिदोरीच. आणि एकाच नावाच्या दोन जिवाणूंची शिदोरी सारखी असेलच असे नाही.

थर्मस थर्मोफिलस हा जपानच्या उष्ण झऱ्यांतून मिळालेला जिवाणू याचे उत्तम उदाहरण. सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तो सुखाने वाढतो. त्याच्या एचबी-८ आणि एचबी-२७ या दोन्ही वाणांत पीटीटी-२७ नावाचे, दोन लाखांहून अधिक बेस-जोड्यांचे महाप्लास्मिड आहे. या जिवाणूच्या पिवळ्या रंगासाठी आवश्यक असलेले जनुक गुणसूत्रावर नसून या महाप्लास्मिडावर आहे. प्रखर उष्णतेत डीएनएचा पीळ राखणाऱ्या रिव्हर्स जायरेज या विकराचे जनुकही तेथेच. मात्र एचबी-८मध्ये ते अखंड आहे, एचबी-२७मध्ये खंडित. शिवाय एचबी-८जवळ सुमारे ९,३०० बेस-जोड्यांचे पीटीटी-८ हे आणखी एक प्लास्मिड आहे. जातींच्या यादीत मात्र या दोघांची नोंद एकच होईल.

मध्य भारतातील चित्र याच दृष्टीने पाहावे लागते. भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी छिंदवाडा जिल्ह्यातील अनहोनी आणि छत्तीसगडमधील तातापानी येथील झऱ्यांतला सगळा डीएनए एकत्र वाचला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हायड्रोकार्बनांच्या विघटनाशी निगडित जनुके सापडली. काम मोलाचेच आहे. परंतु डीएनएचे आखूड तुकडे वाचण्याच्या पद्धतीला एक मर्यादा असते. कोणता तुकडा गुणसूत्राचा, कोणता प्लास्मिडाचा आणि ते प्लास्मिड नेमके कोणाच्या पेशीतले, हे त्यावरून उलगडणे अवघड जाते. त्यासाठी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवावे लागतात, एकेका जातीचे अनेक वाण वेगळे करावे लागतात. हे काम संथ आहे. त्यात मथळा मिळत नाही.

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्सलगत पचपेढीत राणी दुर्गावती विद्यापीठ १९५६पासून उभे आहे आणि बबेहाचे उष्ण कुंड तेथून मंडल्याच्या रस्त्यावर आहे. प्लास्मिड वेगळे करून जेलवर त्याचे पट्टे पाहणे हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील नेहमीचा प्रयोग. तो दरवर्षी त्याच त्या ई. कोलायवर करण्याऐवजी कुंडातून वेगळ्या केलेल्या वाणांवर का करू नये? दहा तुकड्यांच्या हातून दहा वर्षांची नोंद तयार होईल. दिल्ली-पुण्याच्या संस्थांची वाट पाहण्याचे कारण नाही.

अट एकच, मिळालेले वाण लगेच गोठवून जपावेत. वारंवार वाढवत राहिल्यास प्लास्मिड गळून पडू शकते. अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यातून १९६०च्या दशकात मिळालेला थर्मस अॅक्वाटिकस संग्रहात जतन झाला होता, म्हणूनच त्याचे टॅक पॉलिमरेज पुढे १९८०च्या दशकात पीसीआरच्या कामी आले.

जतन झऱ्याचेही व्हायला हवे. २००२च्या जैवविविधता कायद्याने जैविक संसाधनांत सूक्ष्मजीव आणि त्यांचे जनुकीय द्रव्य स्पष्टपणे धरले आहे. त्याच कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. झाडे, पाखरे, पिके यांच्याबरोबर कुंडाचे पाणी, त्याचे तापमान आणि त्यातून वेगळे केलेले वाण त्या वहीत येण्यास कायद्याची आडकाठी नाही. कुंडाला सिमेंटचा काठ बांधण्यापूर्वी किंवा साबण लावून स्नानाची मुभा देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने ती वही उघडून पाहावी.