नांदेडचा कौल काय सांगतो?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेड लोकसभा मतदारसंघातील मतदाराने एकाच केंद्रात दोन मते दिली. एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी, दुसरे विधानसभेसाठी. लोकसभेची जागा काँग्रेसने १,४५७ मतांनी राखली. त्याच मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा मात्र महायुतीने जिंकल्या. दिवंगत खासदारांच्या चिरंजीवांना सहानुभूतीचा लाभ झाला असेल, हे मान्य करूनही या निकालाचा अर्थ उरतोच. सकाळी घरातून निघालेल्या मतदारांपैकी काहींनी काँग्रेसला एका हाताने मत दिले आणि दुसऱ्या हाताने नाकारले. यंत्रांवर दोषारोप करून मोकळे होणाऱ्यांनी या निकालाचा विचार केलेला दिसत नाही, आणि हा प्रदेश आपल्याला कायमचा पारखा झाला असे मानून हताश होणाऱ्यांनीही केलेला दिसत नाही.

आकडे कठोर आहेत. १९९० मध्ये १४१ आमदार निवडून आणणारा हा पक्ष २००९ मध्ये ८२, २०१४ मध्ये ४२, २०१९ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये १६ वर आला. १०१ जागा लढवून १६! विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक-दशांश संख्याबळाचा जो संकेत सांगितला जातो, तो आघाडीतील एकाही पक्षाला पूर्ण करता आला नाही. आणि हे सारे लोकसभेच्या निवडणुकीत सतरापैकी तेरा जागा जिंकल्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांत घडले.

पराभवाचे बीज त्या तेरा जागांतच होते. लोकसभेचा कौल हा मुख्यतः भयाचा आणि संतापाचा कौल होता. संविधान बदलले जाईल ही दलित वस्त्यांतील धास्ती, डिसेंबर २०२३ मधील निर्यातबंदीने पोळलेला कांदा उत्पादक, आरक्षणाच्या प्रश्नावर पेटलेला मराठवाडा, यांतील एकही लाट काँग्रेसच्या संघटनेने उभी केलेली नव्हती. त्या लाटांनी पक्षाला किनाऱ्यावर आणून सोडले आणि पक्षाने ते आपल्याच पोहण्याचे यश मानले. सत्ता आलीच आहे, आता वाटपाचा प्रश्न तेवढा उरला आहे, अशा थाटात उन्हाळ्यानंतरचे महिने गेले. मुख्यमंत्री कोणाचा यावर वाद झाले. जागावाटपाचा घोळ अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ ऑक्टोबरपर्यंत चालला. आणि दक्षिण सोलापुरात तर प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या नेतृत्वाने मित्रपक्षाचा उमेदवार सोडून अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. महिनोन्महिने राबलेल्या कार्यकर्त्याने त्या दिवशी कोणत्या तोंडाने दारोदार जायचे होते?

दरम्यान सरकार स्वस्थ बसले नव्हते. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेखाली महिन्याला १,५०० रुपये दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत जाऊ लागले. विरोधकांनी आधी तिजोरीवरील भाराची चिंता केली, मग जाहीरनाम्यात ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. जी योजना काल उधळपट्टी होती ती आज दुप्पट करून देऊ म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवावा? हातात पडलेले दीड हजार आणि कागदावरचे तीन हजार यांत कष्टकरी स्त्रीने जी निवड केली तीत तिचा व्यवहारीपणाच दिसतो. तिला विकाऊ ठरवणारी जी कुजबुज निकालानंतर सुशिक्षित वर्तुळांत ऐकू आली, ती संतापजनक होती.

वास्तविक या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार काँग्रेसला इतर कोणाहून अधिक होता. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेत सरकारच्या कृपेला स्थान नव्हते. काम मागण्याचा हक्क होता. निवडणुकीनंतर लाडक्या बहिणींच्या छाननीत लाखो नावे वगळली गेली आणि वाढीव २,१०० चे आश्वासन वर्ष उलटले तरी अमलात आले नाही. कृपा आणि हक्क यांतील अंतर याहून स्पष्ट कसे व्हावे? अंगणवाडी सेविकेचे मानधन, हमीभावाखाली विकले जाणारे सोयाबीन, ऊसतोड कामगार स्त्रीचे आरोग्य, ही लिलावाच्या बोलीबाहेरची भाषा आहे. परंतु ती प्रचाराच्या तीन आठवड्यांत शिकता येत नाही.

मूळ दुखणे संघटनेचे आहे. महाराष्ट्रातील काँग्रेस म्हणजे दीर्घकाळ साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद. शाखा, सभासद, वर्ग, वर्गणी यांची गरजच भासली नाही, कारण कारखान्याचा चेअरमन हीच शाखा होती. म्हणून २०१९ मध्ये राधाकृष्ण विखे पाटील गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण गेले, तेव्हा नेत्याबरोबर तालुक्याचा पक्षही गेला. कार्यालयाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती राहिल्या. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि वर्षाअखेरीस नगरपालिकांपासून मतदान सुरू झाले. कार्यकर्ता घडवणारी ही शाळा एवढा काळ बंद असताना ती उघडा म्हणून प्रमुख विरोधी पक्षांनी राज्य हलवून सोडले, असे म्हणवत नाही.

मतदार याद्यांचेही तसेच. लोकसभा ते विधानसभा या अवधीत सुमारे चाळीस लाख नावे वाढली, त्यावर राहुल गांधींनी जाब विचारला आणि आयोगाने आक्षेप नाकारले. जाब विचारणे योग्यच होते. आयोगाने अधिक मोकळेपणा दाखवायला हवा होता, हेही खरे. परंतु प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती गावात वाचायची असते, हरकती तेव्हा घ्यायच्या असतात. ज्या केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी नाही, तेथील यादी दिल्लीतील पत्रकार परिषदेत दुरुस्त होत नाही.

येथे एक जुना हिशेब उपयोगी पडावा. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाने लोकसभेच्या २५४ जागा लढवल्या, दहा टक्क्यांहून अधिक मते मिळवली आणि १२ जागा जिंकल्या. कम्युनिस्टांनी पन्नासाहून कमी जागा लढवल्या, त्यांची मते साडेतीन टक्केही नव्हती. पण जागा १६ आल्या, कारण ज्या भागांत लढे झाले होते तेथेच त्यांची शक्ती एकवटली होती. काँग्रेसच्या १०१ जागांपैकी किती ठिकाणी मागील पाच वर्षांत एखादा लढा झाला होता? जेथे काम आहे तेथे लढावे आणि उरलेल्या जागा मित्रांना मोकळेपणाने, वेळेवर द्याव्यात, हे धोरण प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे नाही. जेथे काम नाही तेथे जागा अडवून धरल्याने मित्र दुखावतो आणि जागाही जाते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्षपद बुलढाण्याचे माजी आमदार हर्षवर्धन सपकाळ यांच्याकडे आले. मोठ्या सहकारी साम्राज्याचा वारस नसलेला माणूस त्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट लहान नाही. मात्र अध्यक्ष बदलल्याने तालुका बदलत नाही. पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे. तिचे उमेदवार त्या वर्षीच्या दिल्लीतील बैठकांत ठरणार की दोन वर्षे आधी तालुक्याच्या सभासदांसमोर, हे एवढे जरी पक्षाने लेखी जाहीर केले, तरी नांदेडच्या त्या मतदाराला दुसऱ्या मताचा फेरविचार करायला काही कारण मिळेल.