ट्यूलिप जुलैत फुलत नाहीत!

परवा मामेभावाचा मेल आला. जुलैमध्ये सहकुटुंब येतोय, तुझ्याकडे दोन रात्री. सोबत एक एक्सेल शीट. पहिला दिवस: ट्यूलिप, पवनचक्क्या, ॲमस्टरडॅम, बोटीची फेरी. दुसरा दिवस: ब्रसेल्स. तिसऱ्या दिवशी पहाटे पॅरिसची बस. आणि ज्या युट्रेख्टमध्ये मी इतकी वर्षं राहतेय, त्या गावापुढे एकच शब्द... "मुक्काम".

मी एका ओळीत उत्तर पाठवलं, की बाबा रे, ट्यूलिप जुलैत फुलत नाहीत. कॉयकेनहोफची बाग वसंतात जेमतेम आठ आठवडे उघडी असते. पण जे खरं बोलायचं होतं ते त्या एका ओळीत मावेना, म्हणून हे लिहायला बसले. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक आहे. वाचा, आणि रागवायचं तर खुशाल रागवा. :)

माझं म्हणणं साधं आहे. एखाद्याच्या घरी उतरायचं आणि त्याचं गाव बघायचंच नाही, याला भेटायला येणं म्हणत नाहीत. माझं घर म्हणजे स्टेशनजवळचं फुकटचं लॉज नव्हे!

अर्थात दोष एकट्या पाहुण्यांचा नाही. आम्ही इथे राहणारेही तेवढेच दोषी. कोणी येणार म्हटलं की आम्ही आपलं रोजचं आयुष्य कपाटात कोंबतो आणि गाइड होतो. २०१९ साली आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा शीट मीच बनवली होती. झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, लाकडी बुटात पाय घालून फोटो, सगळं झालं. तिथली ती टुमदार हिरवी घरंसुद्धा बरीचशी दुसरीकडून उचलून आणून मांडलेली आहेत, हे मी त्यांना सांगितलंही नाही. निघताना विमानतळावर आईने विचारलं, "तू भाजी कुठून आणतेस गं? ते बघायचं राहिलंच." मी म्हटलं, पुढच्या वेळी.

पुढची वेळ आली नाही. २०२२ मध्ये आई गेली.

२०२३ च्या मे महिन्यात बाबा एकटे आले. या वेळी शीट केली नाही. शनिवारी सकाळी त्यांना ब्रेडस्ट्राटच्या कापडबाजारात नेलं. दर शनिवारी तिथे रस्त्यावर ठेले लागतात, तागेच्या तागे, तुकडे, बटणं, लेस. बाबा एक सुती कापड बोटांनी चाचपत उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आईला इथे दोन तास लागले असते." तिथून जवळच यान्सकेर्कहोफला फुलांचा बाजार. ज्याला ट्यूलिप हवेत त्याने हंगामात तिथून जुडी घ्यावी आणि घरी फुलदाणीत ठेवावी.

मग डोमचा मनोरा. ११२ मीटर, देशातला सर्वांत उंच चर्चमनोरा, ४६५ पायऱ्या. तेव्हा दुरुस्तीसाठी त्याच्याभोवती परांची होती. दुसरा पाहुणा फोटो बिघडला म्हणून हळहळला असता. बाबांचं आयुष्य बांधकाम खात्यात गेलेलं, ते अर्धा तास ती परांचीच बघत होते! १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, तेव्हापासून मनोरा एकीकडे आणि उरलेलं चर्च दुसरीकडे. मधल्या चौकात जुन्या खांबांच्या जागा फरसबंदीत आखलेल्या आहेत. बाबा एकेका खुणेवर पाय ठेवून चालले.

दुपारी एक वाजता आउदेग्राख्तच्या काठावर. २०१२ पासून तिथे दर शनिवारी फरसबंदीत एका दगडावर एक अक्षर कोरलं जातं. त्या अक्षरांची कविता होतेय, आणि ती संपवायचा कोणाचाही बेत नाही. आठवड्याला एक अक्षर! आणि आपण दहा दिवसांत सात देश.

शेवटी कातारेइनेसिंगल. शहराभोवतीचा हा जुना खंदक. सत्तरच्या दशकात त्याचा एक भाग आटवून तिथे मोटाररस्ता केला. २००२ मध्ये लोकांनी मतदानातून पाणी परत आणायचं ठरवलं आणि २०२० मध्ये ते पुन्हा वाहू लागलं. बाबांनी कठड्याला टेकून विचारलं, "रस्ता काढून पाणी भरलं? आणि गाड्या?" मग बराच वेळ गप्प. पुण्यात ते पंचवीस वर्षं सायकलने ऑफिसला गेले होते. "चूक झाली म्हणून सरकारने रस्ता परत केला, हे मी तरी पहिल्यांदाच बघतोय," एवढंच म्हणाले. ब्रसेल्सला जाऊन हे संभाषण झालं नसतं.

येताना कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातून मेथी आणि कोथिंबीर घेतली. भाजी कुठून आणतेस, त्याचं उत्तर. चार वर्षं उशिरा.

आता कोणी म्हणेल, व्हिसा, तिकिटं, मुलांच्या सुट्ट्या, एवढं करून माणूस आयुष्यात एकदा येतो, त्याने पवनचक्की बघू नये का? जरूर बघावी. हौस असते, आणि हौसेला मोल नसतं. ॲमस्टरडॅम इथून ट्रेनने अर्धा तास आहे. तिकिटं मी काढून देते, डबाही भरून देते. पण ते तुमचं तुम्ही बघू शकता, त्यासाठी मी लागत नाही. मी लागते ती या गावासाठी. मी कुठल्या पुलावर दम खाते, कुठल्या बेकरीत मला नावाने ओळखतात, पावसात सायकल हाणताना कोणाला शिव्या घालते, हे कुठल्याही टूरमध्ये नाही. आणि पाहुणा परत गेल्यावर फोनवर "काय चाललंय?" विचारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी असावं की नाही?

आणि परदेशातल्या ब्लॉगर मंडळींनो, तुम्हालाही एक विनंती. "दोन दिवसांत नेदरलँड्स" असल्या पोस्टी जरा कमी करा. तुमच्या गल्लीबद्दल लिहा.

मामेभावाला दुसरा मेल आज टाकलाय. ब्रसेल्स काट. शनिवार माझा. एक वाजता कालव्याकाठी हजर राहायचं, पोरांनासुद्धा घेऊन. अजून उत्तर आलेलं नाही. :(

असो. मेथी आणून ठेवते.