उरलेल्या फांद्यांचा मालक कोण?

न्यूझीलंडच्या व्यावसायिक वनांसाठीच्या नियमावलीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एक छोटेसे कलम आले. जिथे जमिनीची धूप होण्याचा धोका मोठा, अशा ‘नारिंगी’ आणि ‘लाल’ गटातल्या उतारांवर तोड झाली की दोन मीटरहून लांब आणि जाड टोकाला दहा सेंटिमीटरहून रुंद असलेले धड लाकूड तिथे सोडायचे नाही. सोडलेच तर हेक्टरी १५ घनमीटरच्या आत. ते काढताना कामगारांच्या जिवाला धोका असेल तिथे सूट. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, २०२५ मध्ये, तिथल्या सरकारने हे कलम बदलण्याचा प्रस्ताव मांडला. सरसकट माप नको, त्या त्या उतारावरचे लाकूड वाहून जाण्याचा धोका तपासून काय ते ठरवू, असा त्यातला एक पर्याय. तो वरकरणी शहाणपणाचा दिसतो. पण तपासणार कोण? ज्याला लाकूड उचलण्याचा खर्च वाचवायचा आहे, त्यानेच नेमलेला सल्लागार!

या कलमामागचा इतिहास गिझबर्न जिल्ह्याचा आहे. तिथल्या डोंगरांचा खडक मऊ, भुसभुशीत. वसाहतवाल्यांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी मूळचे रान कापले आणि डोंगर ढासळू लागले. मार्च १९८८ मध्ये ‘बोला’ चक्रीवादळाने दरडीच दरडी आणल्या, तेव्हा सरकारने १९९२ पासून अनुदान देऊन झाडे लावायला लावली. लावला गेला तो मुख्यतः रेडिएटा पाइन. माती धरून ठेवण्यासाठी लावलेले झाड पंचवीस-तीस वर्षांनी विकायचे पीक झाले आणि अख्खा डोंगर एका दमात सफाचट होऊ लागला. तोडलेल्या झाडांची मुळे कुजून जातात, नव्या रोपांच्या मुळांना अजून पकड नसते. मधली काही वर्षे उतार उघडा पडतो आणि नेमके तेव्हाच त्याच्यावर फांद्या, शेंडे, मोडके ओंडके पसरलेले असतात.

आपल्याकडे तोड झालेल्या वनपट्ट्यातल्या काटक्या आसपासच्या गावांतल्या चुलींपर्यंत आपोआप पोहोचतात. तिथे त्या डोंगरांत उचलणारे कोणी नाही. कमी प्रतीचे लाकूड बंदरापर्यंत नेण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त, म्हणून ते जागीच पडते. मग जून २०१८ च्या पावसात याच जिल्ह्यातल्या टोलागा बेचा किनारा, शेते, कुंपणे ओंडक्यांखाली गेली. न्यायालयाने कंपन्यांना दंड केले. पण त्या वेळच्या कायद्यात कंपनीला होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादाच होती सहा लाख डॉलर. जानेवारी २०२३ मध्ये गिझबर्नच्या समुद्रात खेळणारा बारा वर्षांचा मुलगा ओंडका लागून दगावला. तीनच आठवड्यांनी ‘गॅब्रिएल’ चक्रीवादळ आले. हजारो लोकांनी सह्या करून चौकशी मागितली होती, ती माजी मंत्री हेकिया पराता यांच्या समितीने केली आणि तिचा अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात आला. वरचे कलम त्यानंतरचे.

लाकूड उद्योगाचा एक आक्षेप खरा आहे. सगळेच उचलले तर जमिनीचा कस जातो, कारण झाडाचे नत्र आणि स्फुरद मोठ्या प्रमाणात पाने-डहाळ्यांत असते. स्वीडनमध्ये फांद्या इंधनासाठी गोळा करतात, पण काही वाटा जमिनीवर ठेवायला सांगतात आणि भट्टीतली राख परत रानात टाकायला सांगतात. न्यूझीलंडचे कलम याच्या आड येत नाही. बारीक फांद्या आणि पाने ते जागेवरच राहू देते. पूल पाडतो तो दोन मीटरचा ओंडका, आणि कलम फक्त त्यालाच हात घालते.

त्याची खरी उणीव निराळी आहे. ते लाकडाचे माप घेते, तोडीचे घेत नाही. एकाच खोऱ्यातले शेकडो हेक्टर एका हंगामात उघडे पडले तर प्रत्येक हेक्टरवरचे कायदेशीर १५ घनमीटरही एकाच नदीत उतरणार. पराता समितीने अशा प्रदेशात मोठी सफाचट तोड थांबवायला सांगितले होते. त्या दिशेने जायचे सोडून सरकार साधी फूटपट्टीही मोडायला निघाले आहे. फूटपट्टीचा गुण हाच, की ती कोणीही घेऊन डोंगरावर जाऊ शकतो. गावकरी, नगरपालिकेचा निरीक्षक, पत्रकारसुद्धा. सल्लागाराचा अहवाल तपासायला दुसरा सल्लागार लागतो. खर्चाचा प्रश्न सोडवायचा तर तोडीआधी हेक्टरी अनामत घ्यावी आणि लाकूड काढल्याची पाहणी झाल्यावरच ती परत करावी.

लाकूड काढण्याचा हा खर्च ओंडक्याच्या भावात आला तर तो घेणाऱ्यांनाही थोडा सोसावा लागेल. कांडला बंदरात उतरलेला न्यूझीलंडचा पाइन चिरून आपल्या कारखान्यांची खोकी होतात, तेव्हा ते घेणारे आपणही आहोत. आज मात्र तो खर्च टोलागा बेचा शेतकरी आणि किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माओरी वस्ती भरते.

आणि कलम बदलायला सरकारने वेळ तर अगदीच वाईट निवडली आहे. १९९२ नंतरच्या योजनेत लावलेली झाडे आत्ता तोडीच्या वयाला आली आहेत. त्यांच्या जागी लावलेली रोपे माती धरू लागेपर्यंत, म्हणजे २०३० नंतरची काही वर्षे, हे उतार उघडेच राहणार आहेत.