दया नको, दाम द्या

मागच्या शैक्षणिक सहलीत मी आईसाठी हातमागाची एक शाल घेतली. घासाघीस करून ती जवळजवळ निम्म्या भावात मिळवली आणि हॉस्टेलमध्ये सगळ्यांना ऐटीत सांगितले. सुट्टीत आईने शाल उलटसुलट पाहिली आणि विचारले, "ही विणायला किती दिवस लागले असतील रे?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना वाचनालयात मी मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या माया विणकर स्त्रियांबद्दल वाचले.

त्यांच्या मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेले असते आणि दुसरे पट्ट्याने विणणारीच्या कमरेला. ताणा घट्ट हवा असेल तर ती मागे रेलते, सैल हवा असेल तर पुढे झुकते. आपल्या ईशान्य भारतातही असाच कमरेचा माग आहे. यावर माया स्त्रिया 'विपील' नावाचे पोलके विणतात. भरगच्च नक्षीच्या विपीलला काही महिने लागतात. नक्षीवरून ती बाई कोणत्या गावची हे ओळखता येते. आपल्या खांद्यावरच्या पट्टीवरून जसे हाऊस कळते, तसेच.

ही ओळखच एकदा जिवावर बेतली. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे यादवी युद्ध चालले. २ लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितले की, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि बहुतेक अत्याचार लष्कराने व त्याच्या साथीदार टोळ्यांनी केले होते. गाव ओळखू येऊ नये म्हणून कित्येक स्त्रियांनी विपील घालणे सोडले. गणवेशाचे स्वप्न पाहणाऱ्या मला हे वाचताना त्रास झाला. पण गणवेश कोणाच्या रक्षणासाठी असतो, हे विसरले की काय होते ते आपण कॅडेटनीच आधी वाचायला हवे.

युद्धात अनेकींचे पती गेले. मुले मागे राहिली आणि हातात कला होती. १९८८ मध्ये केत्साल्तेनांगो शहरात 'त्रामा' ही विणकर स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. त्रामा म्हणजे स्पॅनिशमध्ये बाणा, कापडातला आडवा धागा. संस्थेच्या मालक विणणाऱ्या स्त्रियाच आहेत.

अशा संस्थांना आधार देणाऱ्या पद्धतीला न्याय्य व्यापार म्हणतात. सूत आणि वेळ हिशेबात धरून दोघांनी मिळून भाव ठरवायचा, मागणीबरोबर आगाऊ रक्कम द्यायची आणि संबंध एका खरेदीपुरता ठेवायचा नाही. माझ्या मते यातली आगाऊ रक्कम सर्वांत महत्त्वाची. ती मिळाली की सुतासाठी कर्ज काढावे लागत नाही आणि कापड मिळेल त्या भावात दलालाला द्यावे लागत नाही.

माझा एक मित्र म्हणतो, "एवढी कळकळ असेल तर देणगी दे. महाग कापड कशाला?" मला हे पटत नाही. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दाम हा हक्क असतो. २०१६ मध्ये या विणकर स्त्रिया देशाच्या घटनात्मक न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांनी मदत मागितली नाही. आमच्या गावांच्या नक्षीवर आमचा सामूहिक हक्क मान्य करा, असे त्यांचे म्हणणे होते.

न्याय्य व्यापाराने सगळे प्रश्न सुटत नाहीत. तो थोड्यांपर्यंतच पोहोचतो आणि परदेशी गिऱ्हाईक थांबले की मागही थांबतो. म्हणून कायदाही हवाच. तरी जिच्या घरी चूल पेटते, तिच्यासाठी तो थोडका नाही.

ग्वाटेमालाचे कापड आपल्या बाजारात सहज मिळणार नाही. पण तत्त्व इथेही लागू करता येते. दरवर्षी वार्षिक दिनाला आपली शाळा पाहुण्यांना शाली देते. त्या विणकरांच्या सहकारी संस्थेकडून, त्यांनी सांगितलेल्या भावात आणि आगाऊ पैसे देऊन घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

आणि पुढच्या सहलीत शाल घेताना मी आधी आईचा प्रश्न विचारीन, मग किंमत.