सापाची भीती नको, उशिराची धरा

ताडोबाच्या सफारीला निघालेले एक गृहस्थ परवा दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, सर्पदंशाचे इंजेक्शन सोबत द्या." मी नाही म्हटले. हे औषध शिरेतून द्यावे लागते, त्याची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. ते रुग्णालयातच घ्यावे.

जिप्सीत बसून फिरणाऱ्याला साप चावण्याची शक्यता फार कमी. खरा धोका अनवाणी धान कापणाऱ्या बाईला आणि जमिनीवर झोपणाऱ्या मजुराला. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे.

उमेदीच्या काळात माझ्याकडे एक तरुण पहाटे आणला गेला. मण्यारचा दंश, तो अनेकदा दुखतही नाही. आधी पोटदुखी, मग पापण्या जड. रात्र मांत्रिकाकडे गेली होती. तो वाचला नाही. विषापेक्षा उशिराने त्याला नेले, असे मी आजही मानतो.

म्हणून साप चावलाच तर रुग्णाला धीर द्या. अंगठी, बांगड्या काढा. चावलेला हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका. करकचून आवळणे, चिरा देणे, विष चोखणे टाळा. साप मारून आणण्यात वेळ दवडू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच औषध चालते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, "वाघ कुठे दिसतो हे विचाराल, तसेच हे औषध जवळ कुठे मिळते तेही विचारून ठेवा." गावकऱ्यांनीही हे आजच विचारावे.