पायांखालची मुंबई

परगांवचे पाहुणे आले म्हणजे आमचीं सुशिक्षित कुटुंबें त्यांस गेटवे दाखवितात, राणीची बाग दाखवितात, चौपाटीवर भेळ चारितात आणि मुंबई पाहून झाली असें म्हणून निरोप देतात. पाहुण्यांबद्दल आमची तक्रार नाहीं. ती यजमानांबद्दल आहे. त्यांनीं स्वतः तरी याहून अधिक मुंबई कोठें पाहिलेली असते ?

या अज्ञानास सवडीचा अभाव असें गोंडस नांव देण्यांत येतें. जो गृहस्थ लोणावळ्याच्या घाटांत मोटारींच्या रांगेंत अर्धा दिवस आनंदानें घालवितो, त्यास गिरगांवांत एक तास पायीं हिंडण्यास सवड नसावी, हें आम्हांस पटत नाहीं. फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, मुगभाट हीं नांवें म्हणजे बुजून गेलेल्या बागांच्या आठवणीच होत. येथेंच केशवजी नाईकांच्या चाळींत 1893 सालीं मुंबईंतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. पलीकडे खोताच्या वाडींत लांकडी जिन्यांचीं, उतरत्या कौलांचीं घरें आहेत. पूर्वींच्या निम्मींही आतां उरलेलीं नाहींत.

रानाची वाटही दूर नाहीं. बोरिवलीस उतरून उद्यानांतून सहा-सात किलोमीटर चाललें कीं कान्हेरी येते. तेथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. आणि पावसाचें पाणी सांठविण्याकरितां खडकांत खोदलेलीं टांकीं आहेत. याच डोंगरांत 1860 सालचा विहार आणि 1879 सालचा तुळशी, हे दोन तलाव आहेत. ज्यांच्या पाण्यावर हें शहर वाढलें, ते कोणत्या रानांत आहेत हें आमच्यापैकीं कितीकांस सांगतां येईल ?

कोणी म्हणेल, लोक गेले म्हणजे कचरा व गोंगाट जाणारच. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कचरा टाकतो तो एकदांच येऊन छायाचित्र काढून परतणारा. जो त्याच वाटेनें दहा वेळां जातो, त्यास तेथील झाड परकें राहत नाहीं. 2019 च्या ऑक्टोबरांत आरे वसाहतींतील दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां आडवे झाले ते तेथील पाड्यांतले रहिवासी आणि तेथें नित्य जाणारे तरुण. बाकीचे शहाणे वर्तमानपत्र वाचून हळहळले.

आमचें म्हणणें नेमकें हेंच आहे. ज्या गोष्टीस आपले पाय ओळखत नाहींत, तिच्याकरितां आपलें तोंडही उघडत नाहीं. एखादें जुनें घर पाडल्यावर संस्कृति बुडाल्याचा शोक करणाऱ्यांस आम्ही विचारतों : तें उभें असतां त्याच्या दारावरून आपण किती वेळां गेलां होतां ? गोविंद नारायण माडगांवकरांनीं 1863 सालीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलें, तेव्हां या शहराविषयीं मराठींत असा ग्रंथ नव्हता. आपलें नगर जाणणें हें सुशिक्षितांचें काम आहे, असें त्या पिढीस वाटत होतें. आज ग्रंथ आहेत, नकाशे आहेत, आगगाड्या आहेत. नाहीं ती केवळ चालण्याची इच्छा.

मुलांस परदेशच्या राजधान्या पाठ करवून घेणाऱ्या पालकांनीं येत्या रविवारीं त्यांस एक गल्ली तरी दाखवावी. ती पुढच्या वर्षीं असेलच अशी हमी कोणी देत नाहीं.