जुन्या रंगावर नवा रंग

नोकरीत असताना घर हे केवळ मुक्कामाचे ठिकाण असते; निवृत्तीनंतर त्याच्या भिंती दिसू लागतात. आमच्या सांगलीच्या घराची परसदारची भिंत मला अशीच उशिरा दिसली. भिंत गिलावा न केलेल्या विटांची. घर बांधले तेव्हा दर्शनी विटांची हौस होती. पुढे शेवाळ धरू लागले, म्हणून तिच्यावर तांबडा ऑइल पेंट चढला. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्याचे पोपडे सुटू लागले होते.

त्याच वर्षी मुलीचे लग्न ठरले. रंगाऱ्याने भिंत पाहून अंदाज दिला. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम खरवडणे, वाळू देणे आणि विटांच्या दरजा भरणे यांचीच होती. आयुष्यभर इतरांची अंदाजपत्रके तपासलेल्या मला ती फुगवलेली कलमे वाटली. तो म्हणाला, "साहेब, भिंत ओली आहे. आत्ता रंग दिला तर पावसाळ्यानंतर पुन्हा मलाच बोलवाल." मी त्याला न बोलवता दुसऱ्याकडून चार दिवसांत काम उरकून घेतले. लग्नात भिंत झळकली. दिवाळीला पाहतो तो फोड आणि पांढरी भुकटी. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खटाटोप केला, फळही तेच मिळाले.

अखेर पहिल्याच रंगाऱ्याकडे गेलो. त्याने रंगाचा डबा उघडलाच नाही. खुरपे घेऊन भिंतीच्या पायथ्याशी बसला. माझ्या आईने तेथे मोगऱ्याचा वाफा केला होता. वर्षानुवर्षे माती व खत पडून वाफा जोत्याच्याही वर आला होता. जमिनीतील ओल विटांत चढू नये म्हणून जोत्यावर जो थर दिलेला असतो, त्याला वळसा घालून वाफ्यातील पाणी थेट विटांत मुरत होते. वीट पाणी शोषते आणि हवेत सोडते. ऑइल पेंटचा थर मात्र वाफेला सहजी वाट देत नाही. आतली ओल बाहेर येताना रंगाला ढकलते आणि विटेतील क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे होतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. दोष रंगाचा नव्हता.

मोगरा हलवायचा म्हटल्यावर सौ. गप्प झाल्या, मीही. आईच्या हातचे तेवढेच उरले होते. शेवटी मुळांभोवतीच्या मातीसह तो विहिरीच्या कडेला लावला आणि वाफ्याची माती जोत्याच्या वीतभर खाली नेली.

मग सारा उन्हाळा भिंत तशीच ठेवली. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. सुटलेला रंग पत्र्याने खरवडला. उरलेल्या रंगावर चिकटपट्टी दाबून ती झटक्याने ओढली. जेथे रंग पट्टीबरोबर आला तेथे पुन्हा खरवडले. जेथे घट्ट राहिला तेथे केवळ पॉलिश पेपरने चकाकी मोडली, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर नवा रंग पकड घेत नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. किंचित ओलावून, नाकातोंडाला मास्क बांधून घासावा, पोपडे गोळा करावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

ढिल्या झालेल्या दरजा खोदून पुन्हा भरल्या. त्यांत सिमेंट बेताचे ठेवले, कारण मसाला विटेपेक्षा कठीण झाला तर शेवटी वीटच झिजते. भिंत पूर्ण वाळल्यावर प्राइमर दिला. त्यावर बाहेरच्या भिंतीसाठीच्या, पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनचे दोन पातळ हात दिले. असा रंग ऑइल पेंटपेक्षा वाफेला अधिक वाट देतो. दरजांत आधी ब्रश फिरवला, मग विटांवर रोलर. दुपारच्या उन्हात काम बंद ठेवले. सारे काम पावसाच्या पंधरा दिवस आधी आटोपले.

आमच्या व्यवसायात एक दोष सर्वांना ठाऊक असतो. थकलेले खाते उघडे पडू नये म्हणून त्याच कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे आणि त्यातून जुने फेडून घ्यायचे. कागदावर खाते निर्दोष दिसते, बुडणारी रक्कम मात्र वाढत जाते. असे प्रस्ताव मी अनेकदा परत पाठवले. आणि माझ्या स्वतःच्या भिंतीवर दोन वेळा तेच केले. ते दोन्ही खर्च एकत्र केले, तर त्या रंगाऱ्याचा मूळ अंदाज कमीच होता. हे मी त्याला सांगितले. तो नुसता हसला.

यानंतर तीन पावसाळे गेले. मोगरा पहिल्या वर्षी फुलला नाही, दुसऱ्या वर्षी फुलला. यंदा पन्हाळीजवळ तळहाताएवढा फोड दिसतो आहे. मी अजून रंग आणलेला नाही. आधी पन्हाळीचा सांधा पाहायला माणूस बोलावला आहे.